आधी मिस्सा, मग कॅसल

“बायका गाडीत बसायला तयार नाहीत,” गॉर्डन म्हणाला.

गॉर्डन स्कॉटलंडमधला आमचा ड्रायव्हर-गाईड. गाडी चालवणारा आणि माहिती सांगणारा असा एकच माणूस. तिकडे रविवारची सकाळ होती, इकडे सिडनीत संध्याकाळ. मी हॅरिस पार्कच्या मिठाईच्या दुकानात जिलेबीच्या रांगेत उभी होते.

“दोघी कुठे आहेत?”

“मुक्कामाच्या गावातल्या चर्चच्या पायरीवर बसल्यात. चर्चला कुलूप आहे. मी सांगितलं, हे तुमचं चर्चही नाही. तरी उठत नाहीत. इतक्या वर्षांत लोकांनी माझ्याकडे व्हिस्की मागितली, टॉयलेट मागितलं, हीरोच्या घरचा पत्ता मागितला. चर्च पहिल्यांदाच.”

मी रांग सोडली.

मी सिडनीच्या पॅरामॅटा भागातल्या एका छोट्या ट्रॅव्हल कंपनीत काम करते. आम्ही ग्रुप टूर करत नाही. एका कुटुंबासाठी एक गाडी, एक गाईड आणि त्यांच्या आवडीचा दिवस, एवढंच विकतो. हल्ली सर्वांत जास्त मागणी टीव्ही सिरीयलच्या लोकेशन्सना असते. जिथे शूटिंग झालं ती भिंत, तो जिना, तो दरवाजा बघायला लोक अर्धं जग ओलांडून जातात. स्कॉटलंडमध्ये अशा भिंती भरपूर आहेत. कॅसल म्हटलं की आपल्याला डोंगरावरचा गड आठवतो. तिकडचे बरेचसे कॅसल म्हणजे जाड भिंतींची, बुरूज असलेली घरं. आता त्यांतली अनेक लग्नासाठी भाड्याने मिळतात. ही माहिती पुढे लागेल.

या बुकिंगमधल्या दोघी सख्ख्या बहिणी. धाकटी ग्रेस आंटी सिडनीतच, पेंडल हिलला राहतात. एज्ड केअरमध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात नर्स होत्या, आता रिटायर्ड. थोरली मोनिका आंटी वसईत. मूळ माहेर दोघींचं वसईचंच. (नावं बदलली आहेत. लिहायला दोघींची परवानगी आहे.) सहा वर्षं त्यांची भेट नव्हती. ग्रेस आंटींचं मधे मोठं ऑपरेशन झालं, नंतर बराच काळ ट्रीटमेंट चालली. त्या दिवसांत दोघींनी एक ऐतिहासिक स्कॉटिश सिरीयल एकत्र बघितली. एकत्र म्हणजे एक पेंडल हिलच्या सोफ्यावर, दुसरी वसईच्या पलंगावर. फोन स्पीकरवर. एपिसोड लावायचा आणि मोनिका आंटींनी म्हणायचं, “वन, टू, थ्री, प्ले.”

वसईचं नेट मागे पडायचं. त्यामुळे ग्रेस आंटी नेहमी आधी किंचाळायच्या आणि मोनिका आंटी ओरडायच्या, “गप बस, माझ्याकडे अजून तो जिवंत आहे!”

त्या सिरीयलमध्ये नायिकेचं लग्न एका कॅसलच्या अंगणात लागतं. दोघींना त्या अंगणात उभं राहायचं होतं, एकत्र. बाकीचे दोन कॅसल आणि एक बाग मी त्याभोवती बसवली होती. ते नसतं तरी चाललं असतं.

रविवार मी निवडला, कारण गॉर्डन तेवढाच मोकळा होता. मी विचारलं होतं, “संडे चालेल ना, आंटी?” ग्रेस आंटी म्हणाल्या होत्या, “नो वरीज.”

वरी का नव्हती, ते मला आता कळत होतं. मी गॉर्डनला फोन त्यांच्याकडे द्यायला सांगितलं.

“अगं मेघना,” ग्रेस आंटी म्हणाल्या, “आम्ही सकाळी लवकर उठून मिस्साला आलो, तर इथे कोणीच नाही. चिटपाखरू नाही. ख्रिश्चन देश ना हा?”

वसईत रविवारी पहिली मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक प्रार्थना, उजाडायच्या सुमारास होते. मग दुसरी, मग तिसरी. एक चुकली तर पुढची धरायची. दोघींनी गृहीत धरलं होतं की जिथे चर्च दिसतं तिथे सकाळी मिस्सा असणारच. पण त्या भागात बहुतेक चर्च प्रोटेस्टंट. कॅथलिक चर्च तुरळक, आणि एकच फादर दोन-तीन गावं सांभाळतो. मी सिडनीत शनिवारी संध्याकाळी मिस्सा होते हे ऐकून होते, ती रविवारची धरली जाते हेही. पण तो शनिवार ग्रेस आंटींनी एअरपोर्टवर बहिणीची वाट बघण्यात घालवला होता.

मी फूटपाथवर उभं राहून शोधलं. जवळचं कॅथलिक चर्च पुढच्या गावात. मिस्सा अकराला.

आमचा कॅसलचा स्लॉट दहाचा होता. स्लॉट म्हणजे आत जायची ठरलेली वेळ. ती गेली तर एरवी गेटवरचा माणूस तोंड वाकडं करून का होईना, आत सोडतो. पण त्या दिवशी कॅसल दुपारी बारालाच बंद होणार होता. तिथे लग्न होतं. चर्चपासून कॅसल चाळीस मिनिटांवर. गणित सरळ होतं: मिस्सा किंवा कॅसल.

“आंटी, संध्याकाळी एडिनबराला परत आल्यावर मिस्सा मिळेल. मी वेळ बघून देते.”

“मला चालेल,” ग्रेस आंटी म्हणाल्या. “हिला सांग.”

फोन मोनिका आंटींकडे गेला.

“संध्याकाळी गाडी पंक्चर झाली तर?” त्या म्हणाल्या.

“होणार नाही.”

“तू लिहून देतेस?”

मागून ग्रेस आंटींचा आवाज आला. “प्रवासात माफ असतं गं, मोनू!”

“कोण म्हणालं? फादर म्हणाले?”

“मी म्हणतेय!”

“तू कधीपासून फादर झालीस?”

गॉर्डनने फोन घेतला. त्याने एक तोडगा काढला होता. मोनिका आंटींना चर्चमध्ये सोडायचं, ग्रेस आंटींना कॅसल दाखवून आणायचं आणि मग मोनिका आंटींना उचलायचं. तोडगा चांगला होता. ग्रेस आंटींनी तो एका वाक्यात मोडला. “एकटीनेच बघायचं असतं तर मी टीव्हीवर बघितलं असतं.”

 फोन चालू होता. सहा वर्षांनी भेटलेल्या दोघी एकाच पायरीवर दोन टोकांना बसल्या होत्या, असं गॉर्डनने नंतर सांगितलं.

शेवटी मोनिका आंटींनी फोन घेतला आणि बाजूला गेल्या. आवाज खाली आला.

“ऐक. तिला सांगू नकोस. तिचं ऑपरेशन होतं ना, तेव्हा मी नवस केला होता. ती उठून चालायला लागली तर रविवारची सकाळची मिस्सा मी मरेपर्यंत चुकवणार नाही. ताप असतानाही गेलेय. आता तिच्याबरोबर फिरायला म्हणून आले आणि तिच्यासाठीच केलेला नवस मोडू? आता ठणठणीत झालीय ती. मला भीती वाटते गं.”

मी म्हटलं, “तुम्ही मिस्साला जा. अकराची. दोघी जा. कॅसलचं मी बघते.”

कसं बघणार, ते मला माहीत नव्हतं. कस्टमरला धीर द्यायचा असतो. उत्तर मागून तयार करता येतं.

मी आधी बॉसला फोन केला. शेन ऑस्ट्रेलियन आहे, चांगला माणूस आहे, आणि रविवारी संध्याकाळी त्याच्या हातात नेहमी बार्बेक्यूचा चिमटा असतो.

“कॅसलचे पैसे परत कर, मेट. बागेत जास्त वेळ दे. ओल्ड लेडीजना बाग आवडते.”

“त्यांना ते अंगणच बघायचंय.”

“ती एक भिंत आहे.”

“आपण भिंतीच विकतो, शेन.”

 सॉसेज परतल्याचा आवाज आला. “फेअर पॉइंट. ट्राय कर. पण लग्नात घुसवू नकोस.”

लग्नात घुसवण्याचा विचार मी तोवर केला नव्हता. त्याने तो डोक्यात घातला.

ट्रॅव्हलमध्ये यायच्या आधी मी पुण्यात इव्हेंटचं काम केलं आहे. कार्यालय असो की कॅसल, लग्नाच्या जागेत एक रिकामा तुकडा असतोच. खुर्च्या लागलेल्या असतात, फुलं आलेली असतात, पाहुणे यायचे असतात. मांडणारे दमून चहा पीत असतात. त्या वेळाला आम्ही गॅप म्हणायचो. लग्न तीनला होतं. म्हणजे एकच्या आसपास अंगणात गॅप असणार.

मी कॅसलला फोन लावला. इव्हेंट कोऑर्डिनेटर म्हणजे लग्नाची सगळी व्यवस्था बघणारी बाई फोनवर आली. तिच्या मागे कोणीतरी शिडी ओढत होतं.

“बारानंतर पब्लिक नाही,” ती म्हणाली.

“पब्लिक नको. दोन बहिणी, दहा मिनिटं. तुमच्या सेटअपनंतर, पाहुण्यांच्या आधी.”

तिने लगेच नाही म्हटलं नाही. गॅप असतो हे मला माहीत आहे, हे तिला कळलं होतं. “बारानंतर जागा त्या जोडप्याची. मी हो म्हणू शकत नाही. नवरीला विचारावं लागेल. आणि नवरी आत्ता केस करतेय.”

“वाट बघते.”

“किती वाट बघाल?”

“माझ्याकडे जिलेबी आहे,” मी म्हणाले. ते खरं नव्हतं. रांग मी सोडली होती.

घरी आले. तिकडे अकरा वाजता दोघी चर्चमध्ये गेल्या. कॅसल मिळणार की नाही, दोघींना माहीत नव्हतं. गॉर्डन बाहेर गाडीत. गॉर्डनला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. मी वरणभात केला आणि फोनकडे बघत खाल्ला.

कोऑर्डिनेटरचा फोन आला तेव्हा मिस्सा चालू होती. नवरी हो म्हणाली होती. तिनेही ती सिरीयल बघितली होती; म्हणूनच हा कॅसल घेतला होता. अटी तीन. दहा मिनिटं. फुलांना हात नाही. सव्वा वाजायच्या आत बाहेर, कारण त्यानंतर फोटोग्राफर येणार.

मी गॉर्डनला कळवलं. त्याचं उत्तर आलं, “मिस्सा संपली! पाऊण तासही नाही. यांचे चेहरे बघायला हवे होते.”

फादरना पुढच्या गावी दुसरी मिस्सा होती, म्हणून त्यांनी आटपतं घेतलं होतं. आम्हाला वेळ मिळाला होता. ट्रॅव्हलच्या भाषेत याला बफर म्हणतात: गोंधळ होणारच असं धरून ठेवलेला जास्तीचा वेळ. या वेळी तो आकाशातून पडला होता.

तो कुठे गेला, हे पुढच्या मेसेजवरून कळलं. “चहा पितायत.”

मिस्सानंतर हॉलमध्ये चहा होता. गावातल्या म्हाताऱ्यांनी दोघींना घेरलं होतं. मोनिका आंटींनी पर्समधून सुकेळी काढली. सुकेळी म्हणजे वसईची उन्हात सुकवलेली केळी, रंगाने काळपट, चवीला मधासारखी. तीन पुड्या त्यांनी बहिणीसाठी आणल्या होत्या. त्या स्कॉटलंडमध्ये वाटल्या जात होत्या, आणि ती कशी करतात हे मोनिका आंटी प्रत्येकाला वेगळं सांगत होत्या.

मी फोन केला. “गॉर्डन, बाहेर काढ त्यांना.”

“हो, हो,” तो म्हणाला. त्याचं तोंड भरलेलं होतं.

ते निघाले तेव्हा बफर संपला होता. रस्ता अरुंद होता, पण मोकळा. कॅसलच्या गेटवर कोऑर्डिनेटर घड्याळ बघत उभी होती. एक वाजून गेला होता.

तिथे काय झालं, ते मी व्हिडिओवर बघितलं. गॉर्डनने शूट केलं आहे.

दोघी कमानीखाली उभ्या आहेत. समोर ते अंगण. पांढऱ्या खुर्च्या, फुलं, कोपऱ्यात एक निळा जनरेटर.

“एवढंसंच?” मोनिका आंटी म्हणतात. “आपल्या चर्चचं पटांगण याच्या तिप्पट आहे.”

गॉर्डन समजावतो. वरचे दोन मजले कॉम्प्युटरने काढले होते. भिंतीवरची वेल ट्रकमधून आणली होती. मोठा दरवाजा प्लायवूडचा होता, शूटिंगनंतर परत नेला.

“म्हणजे खरं काय होतं?” मोनिका आंटी.

“दगड,” गॉर्डन म्हणतो.

 ग्रेस आंटी बहिणीचा हात धरतात. “चल. तू म्हण.”

मोनिका आंटी घसा साफ करतात. “वन, टू, थ्री...”

“प्ले” दोघी एकदम म्हणतात आणि कमानीतून आत पाऊल टाकतात. निदान तसं ठरलं होतं. मोनिका आंटींचा गुडघा दुखतो. त्यामुळे ग्रेस आंटी एक पाऊल आधी पोचतात.

“बघ! आत्तासुद्धा!” मोनिका आंटी ओरडतात. व्हिडिओ तिथे हलतो, कारण गॉर्डन हसतो.

दोघी दहा मिनिटांच्या आत बाहेर आल्या. फुलांना हात लावला नाही. शेवटची सुकेळीची पुडी नवरीसाठी कोऑर्डिनेटरकडे दिली. बाकीच्या दोन कॅसलना आणि बागेला वेळ उरला नाही. दोघींनीही त्यांची चौकशी केली नाही.

महिन्याभराने ग्रेस आंटी पॅरामॅटाच्या ऑफिसात आल्या. मला वसईची सुकेळी नाही, पण पेंडल हिलच्या दुकानातले केळ्याचे चिप्स आणले होते. जाताना दाराशी थांबल्या.

“तिने तुला नवसाचं सांगितलं ना?”

मी चिप्सची पिशवी ड्रॉवरमध्ये ठेवली.

“मला पहिल्यापासून माहीत आहे. वसईत नवस लपतो होय? चर्चच्या अर्ध्या बायकांनी फोन करून सांगितलं.”

“मग पायरीवर भांडलात कशाला?”

“वा! मी एकदम ऐकलं असतं तर तिला संशय नसता आला?” त्या म्हणाल्या आणि ट्रेन पकडायला गेल्या.

तेव्हापासून रविवारचं बुकिंग असलं की मी एक प्रश्न जास्त विचारते: रविवारी सकाळी तुमच्याकडे काय असतं? बहुतेक लोक म्हणतात, झोप. त्यांच्यासाठी बफर जास्त ठेवावा लागतो.