मीठ धुणारा माळी

परशूदादा दिसण्याआधी त्याचा वास यायचा. दुपारी बाजार उठला की सायकलच्या हँडलला दोन डबे अडकवून तो उद्यानाकडे निघायचा, आणि आमच्या इमारतीच्या खिडक्या एकामागून एक बंद व्हायच्या. डब्यांत मासळी धुतलेलं पाणी असायचं, तळाशी खवलं आणि डोकी. अर्नाळ्याच्या कोळणी ते गटारात ओतायच्या, हा मागून आणायचा. नगरपालिकेच्या उद्यानातला तो रोजंदारीवरचा माळी.

"ताई, नाक काय दाबता," तो मला म्हणायचा. "झाडाला आधी खायाला घालायचा, मंग सावली मागायची."

आम्ही नव्वदच्या दशकात कऱ्हाडहून वसईकडे राहायला आलो, तेव्हा हे उद्यान म्हणजे खाडीलगतच्या खाजणात, खाऱ्या दलदलीत, डेब्रिज टाकून केलेलं एक मैदान होतं. पालिकेने आधी कमान बांधली, मग संगमरवरी पाटी लावली आणि उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी कुंड्यांतून आणलेली गुलाबाची रोपं जमिनीत खोचली. पंधरा दिवसांत सगळी जळाली. माती खारट होती, हे कुणी जिभेवर ठेवूनसुद्धा पाहिलं नव्हतं.

परशूदादाने पाहिलं. त्याची अर्धी हयात मिठागरात गेली होती. पावसाळ्याआधी त्याने उद्यानात मिठागरासारखेच वाफे पाडले, बांध घातले. पावसाचं पाणी दोन दिवस तुंबवायचं, मग बांध फोडून सोडून द्यायचं, पुन्हा तुंबवायचं. पालिकेच्या ऑफिसातली माणसं हसायची. तो मला म्हणाला, "मिठागरात पानी घालवायचा नि मीठ ठेवायचा. हितं मीठ घालवायचा नि पानी ठेवायचा. काम तेच, नुसता उलटा." असे दोन पावसाळे त्याने माती धुतली. तिसऱ्या वर्षी जवळच्या गास गावात जाऊन कुणाच्या तरी वाडीतून भेंड, करंज आणि उंडीची रोपं आणली. पालिकेचा नळ कोरडाच होता. ती झाडं जगली ती त्याने विहिरीवरून वाहून आणलेल्या पाण्यावर आणि त्या डब्यांवर.

उद्यानाच्या मागच्या भिंतीला लागून कचऱ्याचा ढीग होता. तो लोकांनी केलेला नव्हता. पालिकेचीच गाडी बाजारातला कचरा तिथे ओतायची, आणि तोही 'येथे कचरा टाकू नये' या पालिकेच्याच पाटीखाली. परशूदादा म्हणायचा, "पाटी वाचनारा कचरा टाकीत नाय, टाकनारा वाचीत नाय." त्या ढिगाच्या कडेलाही त्याने एक उंडी लावली होती. तिथे कशाला, असं मी विचारलं तर म्हणाला, "तिला हितं आयता जेवान हाय."

मी शाळेत शिकवायची. अक्षर चांगलं म्हणून सोसायटीचे सगळे अर्ज माझ्याकडे यायचे. ढिगाबद्दल, नळाबद्दल, बंद दिव्यांबद्दल मी पालिकेला अकरा अर्ज लिहिले. एकाचंही उत्तर आलं नाही. आजही ते आठवलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

आणि मग बारावा अर्ज. त्या उन्हाळ्यात सोसायटीच्या सभेत परशूदादाच्या डब्यांचा विषय निघाला. कुणाकडे पाहुणे येणार होते, कुणाच्या लेकराला मळमळत होतं. भिंतीमागच्या ढिगाचा वास आम्हाला सवयीचा झाला होता, डब्यांचाच तेवढा खुपत होता. मी लिहिलं: 'उद्यानात दुर्गंधीयुक्त पदार्थ टाकले जात असून नागरिकांच्या आरोग्यास धोका निर्माण झाला आहे. संबंधितावर तातडीने कारवाई व्हावी.' खाली पहिली सही माझी.

अकरा अर्ज गिळून बसलेली पालिका या अर्जावर चौथ्या दिवशी हलली.

पाचव्या दिवशी परशूदादा आमच्या दारात उभा. हातात दोन कागद. त्याला वाचता येत नव्हतं. पत्रं, रेशन कार्ड, सगळं तो माझ्याकडूनच वाचून घ्यायचा. पहिला कागद कामावरून कमी केल्याचा होता. दुसरा माझ्याच अर्जाची नक्कल. तो मी त्याला वाचून दाखवला. 'संबंधितावर' या शब्दावर मी बोट ठेवलं. मी म्हटलं, "दादा, हा मी लिहिलाय."

"मना ठावं हाय. सायबानं सांगितला," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "म्हनून तर तुमच्याकडं आलो. लिवला तुमी, तर पुसाया पन तुमीच पायजे. माझा जाऊं दे, ताई. पन झाडांची मुळं अजून वरवर हायत. एक उन्हाळा अजून पायजे त्यांना."

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात गेले. साहेबाने माझा नवा अर्ज दोन बोटांनी उचलला. "मॅडम, कारवाई करा म्हणून तुम्हीच लिहिता, केली की रडत येता. आम्ही लोकांचं ऐकायचं की नाही?" मी आधीच्या अकरा अर्जांचं विचारलं. "तो विभाग वेगळा," म्हणाला आणि चहा मागवला. तो चहा त्याच्या टेबलावर उलथावा असं मला वाटलं. उलथला नाही, याची अजून चुटपुट आहे.

उद्यान ठेकेदाराकडे गेलं. सुशोभीकरण झालं. बुंध्यांना भिडवून सिमेंट ओतलं, वर पेव्हर ब्लॉक, मधे सिमेंटचं हरीण, कमानीवर दुसरी पाटी. पुढचा उन्हाळा संपायच्या आत झाडं वाळली, आणि ठेकेदाराने तीही 'धोकादायक' म्हणून तोडली. परशूदादा गोखिवऱ्याला एका कारखान्यावर वॉचमन झाला. दोन-तीन वर्षांनी त्याची सून बाजारात भेटली, तेव्हा तो गेल्याचं कळलं. शेवटच्या आजारपणातही त्याने तिला विचारलं होतं, "ताईंच्या हितली झाडं कशी हायत?" तिने बरी आहेत म्हणून सांगितलं होतं.

त्याचं एकच झाड उरलं आहे. भिंतीमागची, ढिगाकडेची उंडी. पालिकेचं सुशोभीकरण तिथवर कधी पोचलंच नाही, म्हणून ती वाचली. आता तिच्या सावलीत कोळणी मासळीच्या पाट्या मांडून बसतात आणि उठताना मासळीचं पाणी तिच्या बुंध्याशी ओततात. मी तिथून जाते तेव्हा नाकाला पदर लावत नाही.

ढीग अजून आहे. सोसायटीतली माणसं मला म्हणतात, तुमचं अक्षर चांगलं आहे, एक अर्ज लिहा. लिहिलेला आहे, कपाटात आहे. पण देत नाही. न जाणो, पालिका या वेळी खरंच आली, तर ढिगाआधी ती उंडी तोडेल.