मामांच्या कानाचा तुकडा

आमच्या संस्थेत त्यांना सगळे उंदीरमामा म्हणतात, तोंडावर नुसतं मामा. तळमजल्यावरच्या प्राणिगृहात त्यांची उभी हयात गेली. पिंजऱ्यांतला भुसा बदलायचा, पाण्याच्या बाटल्या घासायच्या, नर-मादीच्या जोड्या लावायच्या. पिल्लं जरा मोठी झाली की चिमट्याने प्रत्येकाच्या कानाचा इवलासा तुकडा काढून, नळीत घालून, वर माझ्याकडे पाठवायचा. कुठल्या पिल्लात बिघडलेलं जनुक आहे ते मी तपासून सांगते. कामात घोळ झाला तर मी आकाशपाताळ एक करते, हे मामांना चांगलं ठाऊक होतं.

आमचा विषय प्रोस्टेट, पुरुषाच्या मूत्राशयाखालची अक्रोडाएवढी ग्रंथी. ती घडत असताना पेशी भराभर वाढतात, नळ्यांना फांद्या फुटतात, आणि मग काही जनुकं त्यांना ‘आता पुरे’ म्हणतात. असा लगाम घालणाऱ्या प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. दोन्ही बिघडल्या की वाढ थांबत नाही आणि पुढे गाठ होते. अभ्यासाला नर लागतात, कारण माद्यांना आम्ही बघतो ती ग्रंथीच नाही. पिल्लं वेगळी करताना मामा म्हणायचे, “पोरींचं बरं. सुटल्या.”

त्या आठवड्यात एका नळीने माझा जीव खाल्ला. तपासणीत बाकी सगळ्यांच्या जनुकांच्या पट्ट्या स्वच्छ उठल्या, हिची जागा कोरी. पुन्हा करून पाहिलं, पुन्हा कोरी. नळीत तुकडा तर दिसला होता. वरून साहेबांचा तगादा. शेवटी नळी हातात घेऊन मी तणतणत खाली गेले आणि पिंजरे पालथे घातले. नळीवर लिहिलेल्या नंबरचा उंदीरच नव्हता.

“मामा, हा तुकडा कुणाचा?”

ते बाटली घासत राहिले. ती केव्हाच स्वच्छ झाली होती. मग माझं लक्ष त्यांच्या डाव्या कानाकडे गेलं. पाळीवर चिकटपट्टी होती.

“डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? उंदराच्या चिमट्याने?”

“उकळून घेतला होता,” ते म्हणाले.

हसावं की रडावं कळेना. मग हळूहळू एकेक बाहेर आलं. त्यांचा थोरला भाऊ प्रोस्टेटच्या कॅन्सरने गेला होता. डॉक्टरांनी त्याचं रक्त तपासलं तेव्हा असलंच एक लगामाचं जनुक जन्मापासून बिघडलेलं निघालं. भावंडांनी तपासून घ्या, असं डॉक्टर म्हणाले होते. मामा तेव्हापासून ते पोटात ठेवून होते.

“दवाखान्यात गेलो तर घरी पोरीला कळणार. म्हटलं, ताई सगळ्यांचं सांगतात, माझंही कळेल गुपचूप.”

“अहो, माझी तपासणी फक्त उंदराचं जनुक ओळखते, उंदराची किल्ली माणसाच्या कुलपाला लागत नाही! कोरंच येणार ते. दवाखान्यात जा. आणि आधी मुलीला सांगा.”

“तिला कशाला?” मामांचा आवाज चढला. मी तो कधी चढलेला ऐकला नव्हता. “पोरगी आहे ती. तिला ही ग्रंथी आहे का? माझ्यापाशी आलं असेल तर माझ्यापाशीच संपलं. देवाने मुलगा दिला नाही तेच बरं झालं.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शेजारच्या पिंजऱ्यात एक गाभण मादी भुसा गोळा करत होती.

“ही कोण?”

“जोडीची.”

“हिच्यात काय आहे?”

“एक प्रत बिघडलेली. तुम्हीच तर सांगितलंत.”

“मग हिला ठेवलीत कशाला? सुटली ना ही?”

मामांनी बाटली खाली ठेवली. इतकी वर्षं ते निवडून निवडून अशाच, बिघडलेली प्रत पिल्लांत उतरवणाऱ्या माद्या जोडीला लावत आले होते. त्यांना कळत नव्हतं असं नाही. कळून घ्यायचं नव्हतं.

आता उरलेलं लपवण्यात अर्थ नव्हता. भावात सापडलेलं जनुक बाईच्या अंगात आलं तर धोका स्तनाला असतो, अंडाशयाला असतो. मी ते सांगितलं, आणि सांगताना मला माझ्याच जिभेचा राग आला. मामा भिंतीला टेकले.

“आठ पिल्लं झाली की साधारण चारांत बिघाड येतो, चार मोकळी निघतात, ताई,” ते म्हणाले. “मला एकच आहे.”

त्यांनी मोबाईल काढला, पण ओल्या बोटांनी पडदा हलेना. मीच मुलीला फोन लावून दिला, स्पीकरवर. मी निघायला लागले तर त्यांनी माझी बाही धरली.

“बाबा? कामावरून फोन? काय झालं?”

त्यांनी सांगितलं. आधी काकाचं, मग जनुकाचं, मग तिचं. अडखळत, पण सगळं सांगितलं. मला वाटलं, आता ही त्यांना फाडून खाणार, आणि खावंच.

“काका जाऊन वर्ष होत आलं, बाबा,” ती म्हणाली.

“हो.”

“म्हणजे वर्षभर एकटेच घाबरत बसलात?”

मामा माझ्यासमोर ओक्साबोक्शी रडले.

दोघांनी दवाखान्यात रक्त दिलं. निकालाच्या दिवशी मामा नळ्यांचा ट्रे घेऊन वर आले. तो टेबलावर ठेवला आणि तिथेच उभे राहिले. विचारायचा मला धीर होईना.

“दोघांच्यातही आहे,” ते म्हणाले. “माझी ग्रंथी आता नियमित तपासणार. पोरीचीही तपासणी दर वर्षी.”

मी ट्रे बाजूला केला आणि त्यांना खुर्ची दिली.

“पोरगी सुटली नाही, ताई. पण वेळेवर कळलं. हे मी नाही म्हणत, तीच म्हणते.”