फ्रॉकला वास लागू नये म्हणून

आमच्या घरात कपडे वाळत घालायला दोन दांड्या होत्या. एक मागच्या दारी, माडापासून माडापर्यंत बांधलेली. तिच्यावर आईबाबांचे कपडे. दुसरी पुढच्या पडवीत, एकट्या माझ्या कपड्यांची. मागचं लुगडं वाऱ्यानं उडून माझ्या फ्रॉकला लागू नये म्हणून आईनं मध्ये अख्खं घर ठेवलं होतं. मी एकुलती एक, तेव्हा हा सगळा लाडाचाच भाग आहे असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

बाबा दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी होते आणि आई रत्नागिरीच्या बाजारात मासळी विकायची. पहाटे बंदरावर लिलाव, तिथून टोपली घेऊन बाजार, दुपार टळली की घर. घरी आली की ती पुढच्या दारानं कधी आत येत नसे. मागच्या दारी दगडावर बसायची आणि आधी राखेनं, मग कोकमाच्या सालांनी, मग लिंबाच्या फोडीनं हात घासायची. थेट कोपरापर्यंत. बोटांची टोकं पांढरी पडेपर्यंत घासून झालं की हात नाकाशी नेऊन हुंगायची, तोंड वाकडं करायची आणि पुन्हा राखेत हात घालायची. एवढं करूनही माझ्या शाळेच्या कपड्यांना ती शिवत नसे. माझे कपडे मीच धुवायचे, मीच घडी घालायचे, अगदी दुसरी-तिसरीत असल्यापासून. शेजारणी म्हणायच्या, पोरगी कामसू आहे हो. कामसू कसली, नाइलाज होता.

घरच्या विटक्या झग्यात असले की हीच आई मला मांडीवर घेऊन बसायची, केसांतून बोटं फिरवायची, पोटाशी धरून झोपवायची. मायेला तोटा नव्हता, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर वाचणारे भलतंच काही धरून बसतील. पण अंगावर काही धडका कपडा चढला, शाळेचा फ्रॉक असो की सणाचा परकर, की मी तिला देव्हाऱ्यातली मूर्ती व्हायचे. लांबून बघायचं, हात लावायचा नाही.

"बाय, लांब राव. वास लागंल," एवढंच म्हणायची आणि स्वतःच दोन पावलं मागे सरायची.

आणि मला तर नटल्यावरच तिनं जवळ घ्यायला हवं असायचं. मुलगी नटते कशासाठी? कुणीतरी ओढून जवळ घ्यावं, गालावर बोटं मोडावीत, यासाठीच ना? आई बोटं मोडायची, पण स्वतःच्या कानशिलावर, आणि तीही चार हात लांबून. मला त्याचा राग यायचा. तो राग कुणावर काढायचा हे कळत नसे, म्हणून मी रिबिनीच्या गाठी करकचून बांधायचे.

माझे चांगले कपडे एका पत्र्याच्या ट्रंकेत असत, आणि त्या ट्रंकेत काय नव्हतं! राजापूरकडे दिलेली मावशी शिमग्याच्या सुमारास एस.टी.नं यायची, तिच्या पिशवीत केळीच्या पानात बांधलेले सुरंगीचे गजरे असायचे. सुरंगीचं फूल सुकून काळपट पडलं तरी वास सोडत नाही. ते गजरे पुढच्या शिमग्यापर्यंत माझ्या फ्रॉकांच्या घड्यांत राहायचे. गणपतीच्या दिवसांत त्यांच्यावर केवड्याची पात यायची. वाळ्याची जुडी बारा महिने. आणि सगळ्यावर कडी म्हणजे मस्कतला असलेल्या मामानं आणलेला सेंट. जाड काचेची हिरवी बाटली होती, तिच्यावर सोनेरी अरबी अक्षरं. आई ती बाटलीही मलाच उघडायला लावायची. मग कापसाचा बोळा भिजवून ट्रंकेच्या कोपऱ्यात ठेवायचा, आणि शाळेत निघताना एक ठिपका मानेवर. त्याच मानेवर गुलाबी पावडरही थापलेली असायची. मी घरातून बाहेर पडले की आमचं कुत्रं शिंकायचं.

फॅशनच्या बाबतीत आई कुणाला ऐकणारी नव्हती. बाजारात बसल्या जागेवरून येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्या बायकापोरी तिला दिसायच्या. कुणाच्या फ्रॉकला फुग्याच्या बाह्या आल्या, कुणाची वेणी आता दुमडून कानामागं जाते, कोणत्या रंगाचं नायलॉन निघालंय, याची खबर आमच्या घरी सगळ्यांच्या आधी पोचायची. मग एखाद्या रविवारी ती मला घेऊन रामआळीतल्या कापडाच्या दुकानात जायची. दुकानाच्या पायरीशीच थांबायची. हात पदराखाली. दुकानदार ताग्यावर तागा उलगडत असायचा आणि ती हनुवटीनं दाखवायची, तो नको, त्याच्या खालचा, तो आकाशी. मग मला म्हणायची, "हात लावून बग गो. कसा हाय?" मी कापड चुरगळून सांगायचे, मऊ आहे, किंवा खरखरीत आहे, किंवा थंड लागतं. त्यावर ती ठरवायची. माझ्या लहानपणाचे सगळे फ्रॉक, परकर, पुढे आलेली मॅक्सी, सगळं आईनं माझ्या बोटांनी निवडलं. तिच्या स्वतःच्या बोटांना त्यातलं एकही कापड माहीत नव्हतं.

मी आठवीत असतानाची गोष्ट. पावसाळा नुकताच संपला होता. माझ्या बाकावर शहरातल्या एका वकिलाची मुलगी बसायची. स्वभावानं चांगली होती, डब्यातली लोणच्याची फोड न मागता द्यायची. एकदा मधल्या सुट्टीत ती सहज बोलून गेली, "बंदरावरच्या मुली वर्गात आल्या की मला न बघता कळतं."

मनात म्हटलं, एवढं करूनही येतोच का मासळीचा वास? "कसं कळतं?" मी विचारलं.

"एवढं अत्तर दुसरं कोण लावतं?" ती म्हणाली. "आई म्हणते, ते लोक मासळीचा वास झाकायला लावतात."

तिला त्यात काही वाईट बोलल्यासारखं वाटलं नव्हतं. तिनं पुढे मला पेरूची फोड दिली आणि मी ती खाल्लीही. पण त्या दिवशी पहिल्यांदाच मी वर्गात नाक उघडं ठेवून फिरले. आमच्या वस्तीतल्या आम्ही चौघी होतो. एकीच्या अंगाला मोगऱ्याचं अत्तर, एकीच्या डोक्यात बकुळीचा भरगच्च गजरा, तिसरीच्या रुमालात उदबत्तीचे तुकडे. चौघींच्या आयांनी एकमेकींना न विचारता एकच खटपट केली होती. आणि बाकीच्या मुलींना? काहीच वास नव्हता. अंगाच्या साबणाचा थोडासा, बस्स. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. आमची मूठ झाकण्याच्याच पायी उघडी पडली होती.

घरी येऊन मी आईला हे सांगितलं नाही. कसं सांगणार? ती मागच्या दारी बसून हातांना राख चोळत होती. सांगितलं असतं तर तिनं ट्रंकेतलं सगळं काढून टाकलं असतं आणि दुसऱ्या दिवसापासून आणखी जास्त राख घेतली असती. दुसऱ्या दिवसापासून मी फक्त वाट बदलली. वस्तीतून सरळ शाळेत न जाता मांडवीच्या बाजूनं, समुद्राच्या कडेनं वळसा घालून जायला लागले. तिथला वारा अंगातून आरपार जायचा. वाटेत उभी राहून मी फ्रॉकचा घेर दोन्ही हातांनी फडफडवायचे, मानेवरचा सेंट रुमालानं पुसायचे. शाळेत पोचेपर्यंत बराचसा वास उडालेला असायचा.

संध्याकाळी आई विचारायची, "ऱ्हायला काय गो वास दिसभर?"

"राहिला," मी म्हणायचे.

ती समाधानानं मान हलवायची.

कॉलेजात गेल्यावर बेलबॉटम आली, रुंद कॉलरचे शर्ट आले, केस शाम्पूनं धुऊन मोकळे सोडायची टूम निघाली. आई त्यातल्या कशालाही नाही म्हणाली नाही. वस्तीतल्या म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली तेव्हा ती भर रस्त्यात म्हणाली होती, "माजी पोर हाय, मी बगीन काय ता." आणि त्या बेलबॉटमला, मी घडी करून पलंगावर ठेवलेली असताना, वळसा घालून गेली होती.

लग्नाच्या वेळी मला वाटलं, आता तरी सुटेल हे. लग्नाआधी बरेच दिवस ती बाजाराला गेली नव्हती. हळद लावून लावून हात पिवळे झाले होते, हळदीशिवाय त्यांना दुसरा कसलाही वास नव्हता. पण शालू नेसवायला तिनं शेजारच्या काकूंना बोलावलं. स्वतः दाराशी उभी राहून सांगत राहिली, निऱ्या खाली घ्या, पदर जरा वर. मी म्हटलं, "आये, तू नेसव ना." तर म्हणाली, "सासरची मानसा जवळ बसनार तुज्या. उगाच कशाला?"

निघायच्या वेळी तरी ती गळ्यात पडली. पण कशी? कणकेचे हात असताना दारात कुणी आलं तर बाई कशी मनगटानं कपाळावरचे केस सारते, तशी तिनं मला कोपरांनी धरलं. पंजे माझ्या पाठीपासून लांब, हवेत. मी ढसाढसा रडले. लोकांना वाटलं, माहेर सुटतंय म्हणून.

हे सगळं आता का लिहिते आहे, तर आई गेल्या पावसाळ्यापासून अंथरुणावर आहे. बाबा गेले तेव्हापासून ती आमच्याकडेच असते. बाजार सोडूनही खूप वर्षं झाली. टोपली धरून धरून पडलेले घट्टे गेले, तळवे लहान मुलासारखे मऊ झालेत. रोज मी तिला पुसून घेते, हाताला तेल चोळते. त्या हातांना खोबरेल तेलाखेरीज कसलाही वास येत नाही. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलंय की आता औषधांचा मारा नको, त्यांना खावंसं वाटेल ते द्या. म्हणजे काय ते मला कळतं. माझी साठी उलटली तरी माझ्या मनात एकच हट्ट उरला होता. आई जायच्या आत तिनं एकदा, धड कपड्यांत असताना, मला नीट जवळ घ्यावं.

गेल्या आठवड्यात दिराच्या मुलाचं लग्न होतं. सून मुलांना घेऊन सकाळीच कार्यालयात गेली होती. आईपाशी थांबायला शेजारच्या ताई आल्या होत्या. मी मोरपंखी रेशमी साडी नेसले, अत्तर लावलं, आणि आईच्या खोलीत गेले. "आये, कशी दिसतंय?"

तिनं डोळे बारीक करून मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग हसली. "झकास."

मी वाकले. आणि तिनं दोन्ही हात झटकन पांघरुणाखाली घेतले.

"नको गो बाय. वास लागंल."

माझं डोकंच फिरलं. इतकी वर्षं गिळलेला सगळा राग एकदम वर आला. तिच्यावर नव्हे. कुणावर ते मला अजूनही नेमकं सांगता येणार नाही. मी तशीच स्वयंपाकघरात गेले. सकाळी दारावर आलेल्या कोळणीकडून घेतलेले बांगडे पातेल्यात झाकून ठेवलेले होते, ते रात्री सून साफ करणार होती. मी पदर खोचला, विळी घेतली आणि एकेका बांगड्याचे कल्ले ओढून काढले, पोट फाडून आतली घाण काढली. कोळणीची जात कापते त्या वेगानं कापले, लहानपणी घरच्या झग्यात असताना आईनं जसं शिकवलं होतं तसे. ताई दारातून बघत राहिल्या. मी हात धुतले नाहीत. तसेच घेऊन आईच्या पलंगाशी गेले आणि तिच्या नाकाशी धरले.

"घे. आता कुणाचा कुणाला वास लागतो ते सांग."

तिनं हुंगलं. एकदा, मग पुन्हा. तिचा चेहरा बदलला. बाजारात बसणाऱ्या बाईचा झाला.

"आजचाच हाय. बरफातला नाय," ती म्हणाली.

मग माझ्या हातांकडे बघत राहिली. बोटांना चिकटलेली खवलं, नखांत रक्त. तिच्या डोळ्यांत पाणी आलं की माझ्याच, मला नीट दिसेना. पांघरूण हललं. तिनं एक हात बाहेर काढला, मग दुसरा, आणि मला खाली ओढलं. ताकद नव्हतीच, मीच गेले. तिचे दोन्ही पंजे माझ्या पाठीवर पडले, सपाट, बोटं पसरून, आणि ती मला थोपटायला लागली.

एवढी मोठी बाई मी, पोरीसारखी रडले. माझे माशांचे हात तिच्या चादरीवर होते. बाहेर मला कार्यालयात न्यायला आलेला रिक्षावाला हॉर्नवर हॉर्न वाजवत होता. ताई म्हणाल्या, त्याला काय सांगू? म्हटलं, वाजवू दे त्याला.