मागचं डावं दार

२००१ मधला एक सोमवार, सकाळ. गाडीत हजर: स्टिअरिंगवर मी, शेजारी खरेदी विभागातला काळे, मागे डावीकडे ते.

"माझं काही चुकलं का जी?"

हे ते कधीही विचारत. सिग्नल लाल झाला तरी. तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेल, लिफ्ट बंद पडली की आधी माफी मागणारा. ते आमच्या कंपनीच्या स्टोअरमध्ये होते. मूळचे यवतमाळकडचे, निवृत्तीला आलेले. राहायला बिबवेवाडीत, माझ्याच गल्लीत. हिंजवडीला जाताना मी त्यांना आणि काळेला बरोबर घेई.

गाडी माझी पहिली, कर्जावरची. पहिल्याच दिवशी त्यांनी दार एसटीचं लावावं तसं आपटलं आणि मी ओरडले, "अहो, हळू! ट्रॅक्टर नाही हा."

त्यानंतर ते दोन्ही हातांनी दार ओढून घेत. तान्ह्या बाळावर पांघरूण घालावं तसं, बिनआवाज. मी काळेला म्हटलंसुद्धा, "शीक काही."

मागच्या दारांत मी हौसेने स्पीकर बसवून घेतले होते. काही दिवसांत आवाज फाटायला लागला. तबला सुरू झाला की मागून खरखर. मी क्रमाने तपासलं. कॅसेट बदलली, हेड पुसलं, रेडिओ लावून पाहिला. खरखर तीच. आवाज उजवीकडे वळवला तर स्वच्छ, डावीकडे वळवला की फाटका. म्हणजे दोष मागच्या डाव्या दारात. रविवारी गाडी दुकानात नेली. तिथे एकदम खणखणीत!

"बाई, बिघाड दाखवा, दुरुस्त करतो," दुकानदार म्हणाला. "नसलेला कुठून आणू?"

सोमवारी पुन्हा खरखर. काळे वळून म्हणाला, "काका, तुम्ही बसलात की स्पीकर रडतो बघा."

मी हसले. तेही हसले. उतरताना म्हणाले, "उद्यापासून बसनं येतो, मॅडम. तेवढंच चालणं होतं."

मी एकदाही आग्रह केला नाही. मंगळवारी गाडीत आवाज स्वच्छ होता. काळे म्हणाला, "म्हटलं नव्हतं?" मी पुन्हा हसले. पुढे ते बसस्टॉपवर दिसत. गाडी दिसली की गर्दीच्या मागे सरकत.

ते निवृत्त होऊन गावी गेल्यानंतरची गोष्ट. मी आईला घेऊन शनिवार पेठेतून येत होते. मांडीवर पिशव्या घेऊन ती मागे डावीकडे बसली होती. तबला सुरू झाला आणि तीच खरखर. तेवढ्यात शेजारचा स्कूटरवाला ओरडला, "अहो बाई, दार उघडंय! म्हातारीला पाडताय का?"

उतरून पाहिलं. दार पहिल्याच खटक्यावर अडकलेलं, तबल्याच्या ठोक्यागणिक थरथरणारं. दार नीट लागलं नाही की आतला दिवा पेटतो. बॅटरी वाचावी म्हणून तो मीच कायमचा बंद करून ठेवला होता. मी दार जोरात लावलं. आवाज स्वच्छ. दुकानात नेताना सगळी दारं मीच लावली होती.

आणि हा माणूस इतके दिवस हायवेवर त्या दाराला टेकून बसला होता. मी ओरडले होते म्हणून.

ऑफिसातून नंबर मिळवून फोन केला. काय काय सांगायचं ते ठरवून बसले होते. माझा आवाज ऐकताच त्यांनी विचारलं, "मॅडम, गाडीचा आवाज झाला का जी बरा?"

"हो. झाला."

"कधीपासून?"

मी म्हटलं, "झाले बरेच दिवस."

"म्हणजे मी उतरलो तवापासून," ते म्हणाले. आवाजात खरंच समाधान होतं. "बरं केलं मी. मनाला लागून होतं जी." मग माझ्या आईची चौकशी केली, संत्री पाठवू का विचारलं आणि फोन ठेवला.

त्यांना पुन्हा फोन करायचा आहे. रोज सकाळी बाकीची कामं उरकते, हे एक राहतं.