सिलिंडरच्या मापांची चोरी

रायपूर राजधानी झालं आणि माझी बदली शंकर नगरातल्या एका कार्यालयात झाली. त्या काळात मी मातीच्या मैदानावर मोटरसायकल शर्यतींत उतरायचो. गाडी बनवायचा तात्यापाऱ्यातला एक मिस्त्री, मूळचा आमच्याच विदर्भाकडचा. सिलिंडरमध्ये कागद गुंडाळून तो बोटानं दाबायचा, की आतल्या भोकांचे तेलकट ठसे कागदावर उठायचे. गाडी जास्त पळावी म्हणून भोकं कानशीनं किती वाढवायची ते त्यावरून ठरायचं. सिलिंडरला हात लावायचा नाही असा शर्यतीचा नियम होता, पण सगळेच लावतात अशी मी स्वतःची समजूत घातली होती. मापं फक्त आम्हा दोघांना ठाऊक. त्यांवरच मिस्त्रीचं नाव होतं आणि गिऱ्हाईकही.

एका रविवारी शर्यतीत माझ्याच कार्यालयातला, अभनपूरहून येणारा सहकारी माझ्या पुढे निघून गेला. त्याच्या गाडीचा आवाजही हुबेहूब आमच्यासारखा. माझं डोकंच फिरलं, कारण त्याच आठवड्यात मिस्त्री गुपचूप अभनपूरला जाऊन आला होता.

"तुम्ही अभनपूरले काहून गेले होते?"

"घरचं काम होतं, भाऊ. पोट्टीसाठी स्थळ पाहून राहिलो."

मला ते पटलं नाही. त्यानंतर तो नट आवळायला बसला की माझं लक्ष त्याच्या हातांकडे नाही, खिशाकडे असायचं.

पुढच्या शर्यतीनंतर मी पंचांकडे सहकाऱ्याच्या सिलिंडरबद्दल तक्रार केली. त्यांनी दोन्ही इंजिनं उघडली. भोकं सारखीच आणि दोन्हीकडे वाढवलेली. आम्ही दोघेही बाद.

"ये घिसा किसने?" पंचांनी मला विचारलं.

"मैंने. इनको कुछ नहीं मालूम," मिस्त्री मध्येच म्हणाला.

त्याच्यावर वर्षभराची बंदी आली. चोरी यानंच केली, आता भोगू दे, असं मनात होतं.

मापं कुठून आणली म्हणून पंचांनी विचारल्यावर सहकाऱ्यानं खिशातला कागद टेबलावर ठेवला. मी तो उलटला. मागे माझ्याच अक्षरातलं, कार्यालयाचं रद्द झालेलं टिपण होतं. नव्या कार्यालयात कागदाची टंचाई, म्हणून पाठकोरे कागद आम्ही एका गठ्ठ्यात ठेवून वापरायचो. जेवणाच्या सुट्टीत मी मापं तशाच एका कागदावर उतरवली होती. शाई पसरली, म्हणून दुसरा घेतला आणि पहिला सवयीनं गठ्ठ्यात परत सारला. तिथूनच तो सहकाऱ्याच्या हाती लागला होता.

"मागं काय हाय, भाऊ?" मिस्त्रीनं विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो आणि कागद घडी घालून खिशात टाकला.