बुंदू मास्टरची फिर्याद

बुंदू मास्टरला दोन गोष्टींचा भारी तोरा होता. एक, लाल कोटाची पितळी बटणं आणि दुसरी, आपली फुंक. बटणं त्याची बायको नसीबन चिंचेनं घासायची. फुंक मात्र त्याची स्वतःची होती. आमच्या सरायगंजात लग्न हिंदूचं असो की मुसलमानाचं, वरातीपुढे क्लॅरिनेट बुंदूचीच. रामलीलेच्या मिरवणुकीत तर तो रथापुढे असा चालायचा, की लंका यानंच जिंकली असं वाटावं. मी त्याचा शेजारी, भिंतीला भिंत. त्याच्या रियाझापायी माझ्या कोंबड्यांनी अंडी देणं सोडलं होतं, तरी मिरवणुकीच्या दिवशी मीही ताठ मानेनं त्याला बघायला उभा राहत असे.

मिरवणूक मशिदीच्या कोपऱ्यावर आली की पुढे चालणारे लाला छंगामल हात वर करत. बुंदू क्लॅरिनेट खाली घेई, ढोल गप्प होत आणि सगळी वानरसेना शहाण्या मुलांसारखी पुढे सरके. मशीद मागे पडली की बुंदू असा सूर लावी, की हलवायाच्या हातातून झारा सुटावा. हा नियम कुणी घातला, कुणालाच ठाऊक नव्हतं. लालाजी हात वर करतात म्हणून बुंदू थांबतो, की बुंदू थांबणार म्हणून लालाजी हात वर करतात, यावर हुक्क्यापाशी आमचे वाद रंगत.

मग लखनौला काँग्रेसचं मंत्रिमंडळ बसलं. शाळेत मुलांना नवं गाणं उभं राहून म्हणायला लावू लागले, उर्दूच्या मास्तरांची बदली झाली, खाटकांच्या दुकानांवर रोज नवी हरकत निघू लागली. राज्य आपलं आलं, असं लालाजींच्या पेढीवर बसणारी पोरं म्हणत. त्या 'आपलं'मध्ये आम्ही येतो का, हे विचारायची आमची छाती नव्हती.

त्या दसऱ्याला लालाजींचा पुतण्या शिवमंगल मिरवणुकीच्या कमिटीचा सेक्रेटरी झाला होता. रस्ता सरकारी आहे, बाजा थांबणार नाही, असं त्यानं बुंदूला बजावलं. बुंदू हसला. पोरगं कालपर्यंत याच्याच बँडमागे नाचत होतं, त्याचं काय मनावर घ्यायचं?

मिरवणूक कोपऱ्यावर आली. बुंदूनं सवयीनं क्लॅरिनेट खाली घेतली आणि लालाजींकडे पाहिलं. लालाजी स्वतःच्या जोड्यांकडे बघत होते. तेवढ्यात शिवमंगलच्या पोरांनी आणलेले ढोल बडवायला सुरुवात केली. आत अस्रची, म्हणजे दुपार कलल्यावरची, नमाज चालू होती. दगड कुणी मारला नाही. आमच्या लोकांचा राग जेवणाच्या वेळेपर्यंतच टिकतो. बुंदू मात्र क्लॅरिनेट काखेत धरून, लाल कोटात, त्या दणदणाटातून एकटा चालत गेला. मला त्याच्याकडे बघवेना.

नव्या राज्याविरुद्धची गाऱ्हाणी गोळा करायला मुस्लिम लीगची समिती येणार होती. त्यासाठी वकील तसद्दुक हुसेन यांच्या बैठकीत गर्दी लोटली. कुणा मंत्र्यानं आपला सलाम घेतला नाही, म्हणून निवृत्त तहसीलदार रुसले होते. मी आमच्या गल्लीतल्या बंद दिव्याची तक्रार दिली. काँग्रेसच्या आधीही तो लागत नव्हता, पण तेव्हा विचारतं कोण? वकीलसाहेबांना हवा होता बुंदू. मिरवणुकीच्या आतला साक्षीदार कुठे मिळतो? पण त्यानं तोंड उघडलं, की हिंदूंची लग्नं संपली आणि लालाजींची चाळीस वर्षांची ओळखही.

"काय लागलं मनाला, ते सांगा मास्टर," वकीलसाहेब म्हणाले.

"ढोल बेताल होते."

बैठक हसली. वकीलसाहेबांनी विचारलं, धर्माला धक्का लागला की नाही?

"ते मौलवींना विचारा. लालाजींनी हात वर केला नाही, ते मला लागलं."

"मियाँ, याला कुठलं कलम लावू?"

संध्याकाळी खुद्द लालाजी बुंदूच्या दारी आले. नातीच्या लग्नाची सुपारी द्यायची होती. मी भिंतीला कान लावला; शेजारधर्म असतो. वरात तळ्याच्या रस्त्यानं नेऊ, मशीद वाटेत येणार नाही, कुणालाच डोकेदुखी नको, असं त्यांचं म्हणणं.

"म्हणजे गावाला वळसा," बुंदू म्हणाला.

"पोरं ऐकत नाहीत रे. दिवस त्यांचे आहेत."

"राज्य तुमचं आलं म्हणतात, लालाजी. मग भ्यालात तुम्हीच कसे?"

खाटेवर सुपारी ठेवून लालाजी उठले. अभिमान शिजवून वाढू का, असं नसीबन आतून म्हणाली. तिचंही खरंच होतं.

सकाळी बुंदूनं पेढीवर जाऊन सुपारी परत केली आणि थेट वकीलसाहेबांकडे गेला. मीही मागोमाग गेलो.

"लिहा," तो म्हणाला. "मशिदीसमोर बाजा वाजला. मी थांबलो होतो, ते थांबले नाहीत."

वकीलसाहेबांचा चेहरा खुलला. भराभर लिहून त्यांनी विचारलं, "मिरवणुकीचा म्होरक्या कोण होता?"

बुंदूनं कोटाचं बटण पिरगळलं.

"कुणी नव्हता."

"अहो, मिरवणुकीला म्होरक्या असतोच."

"असायचा," बुंदू म्हणाला. "यंदा नव्हता. तसंच लिहा."