तीन शेरांचे पाणी

कल्याणच्या कचेरीत मी कारकून होतो त्या दिवसांत माझ्याकडे एक छकडा होता. छकडा म्हणजे दोन चाके, एक आस, पुढे दोन दांड्या आणि बसायला हातभर रुंदीची फळी, एवढेच. वर टप नाही, पाठ टेकायला कठडा नाही. गावातली माझ्या बरोबरीची माणसे कुठे जायची तर पडद्यांची दमणी जोडून, आत लोड-गादी घालून जात. मी धोतर खोचून फळीवर बसे आणि वाटेत त्यांना मागे टाकी. त्यात मला फार आनंद होई. तो मी कोणाला बोलून दाखवला नाही, कारण कारकुनाला शोभणारा तो नव्हता.

या एका छकड्याकडून मी दोन कामे घेई. एरवी तो रस्त्यावर चाले. तालुक्यातल्या गावांना कचेरीचे कागद घेऊन जायचे, डोंबिवलीकडे नातलगांना भेटायचे, चतुर्थीला टिटवाळ्याला जायचे, सगळे त्यावरच. आणि भात कापून शेते मोकळी झाली की माघापासून चैत्रापर्यंत तोच छकडा जत्रांतल्या शर्यतींना पळे. जाणती माणसे सांगत, की ही दोन कामे एका गाडीची नव्हेत. रस्ता गाडीला खिळखिळी करतो आणि शर्यत तिला मोडते. मला ते पटत नसे. दुसरी गाडी ठेवायला परसात जागाही नव्हती.

बायको त्यावर एकदाच बसली. टिटवाळ्याहून परतताना निम्म्या वाटेत तिने छकडा थांबवायला लावला, उतरली आणि म्हणाली, "आपण व्हावं पुढं. मी चालत येते." तेव्हापासून ती टिटवाळ्याला आगगाडीने जाऊ लागली, आणि माझ्या छकड्याचा विषय घरात निघाला की कमरेवर हात ठेवी.

गाडी हलकी असली की तिची उस्तवार जड असते. एरंडेलात चिंध्यांची काजळी खलून मी स्वतः वंगण करी आणि दर खेपेला चाके उतरवून आसाला लावी. जुवाची खालची बाजू काचेच्या तुकड्याने तासून गुळगुळीत ठेवी, नाहीतर बैलांच्या मानेला फोड येत. बैल दोन, एक पांढरा आणि एक तांबडा, दोन्ही अंगाने लहान. त्यांच्या खुरांच्या पत्र्या झिजल्या की नाही ते मी रोज बघे. माझ्या स्वतःच्या वहाणा तेव्हा फाटक्या होत्या.

पण खरे वेड होते वजनाचे. पेठेतल्या धान्याच्या व्यापाऱ्याकडून मी एक जुना तराजू आणून पडवीच्या तुळईला टांगला होता. छकड्याचा एकूण एक भाग मी त्यात तोलला होता आणि त्याचे टिपण ठेवले होते. जो भाग जड वाटे तो घेऊन सुताराकडे जाई. सुतार म्हातारा, हाताचा अतिशय चोख. त्याने केलेले चाक दहा वर्षे कुरकुरत नाही असा त्याचा लौकिक होता. मी चाकांचे आरे आणखी बारीक करायला सांगितले तेव्हा त्याने रंधा खाली ठेवला.

"रावसाहेब, गाडी पळवायची आहे का उडवायची?"

मी हसलो आणि ते तासून घेतलेच.

शर्यतीत छकडा मी हाकत नसे. हाकणारा एक आगरी शेतकरी होता, डोंबिवलीपलीकडच्या एका खाडीकाठच्या गावचा. वय पंचेचाळीसच्या घरात, अंगकाठी सुकलेली. त्याला मी निवडला तो हलका म्हणून. एकदा तर त्यालाही पारड्यात बसवून तोलला होता. तो निमूट बसला आणि उतरताना म्हणाला, "भावसायेब, जेवून आलोय, त्या दोन भाकऱ्या वजा करा." त्याची एक रीत होती. छकड्यावर बसण्याआधी तो उजवा तळहात चाकाच्या कडेवर ठेवी, मग तो कपाळाला लावी, आणि मगच बसे. रस्त्यावर असो की शर्यतीत, ही रीत कधी चुकली नाही.

आसपासच्या गावांतल्या शर्यती त्याने पुष्कळ मारल्या होत्या. आपल्या गावची मात्र एकही नाही. तिथे चैत्रात देवीची जत्रा भरे, आणि त्या दिवशी पहिला आलेला छकडा संध्याकाळी पालखीच्या पुढे चाले. हाकणाऱ्याला गावकरी पागोटे बांधत. त्याच्या बापाला तो मान एकदा मिळाला होता. याला वीस वर्षांत नाही. त्या वर्षी फाल्गुनात बैलांना वैरण घालता घालता तो मला म्हणाला, "अवंदा झाला त झाला. पुढल्या साली डोले नाय चालाचे. आताच बांध दिसाचा बंद झालाय." बोलताना त्याने माझ्याकडे पाहिले नाही. त्याला ती शर्यत किती हवी होती ते मला तेव्हा कळले, आणि मलाही ती त्याच्यासाठी हवीशी वाटली. निदान मी स्वतःला तसे सांगितले.

आता चाकाविषयी थोडे सांगायला हवे. चाक लाकडाचे, आणि त्यावर लोखंडाची गोल धाव तापवून बसवलेली. धाव निवली की लाकडाला आवळून धरते. पण फाल्गुन-चैत्राच्या उन्हात लाकूड सुकून आत जाते आणि धाव सैल होते. म्हणून आमच्या भागात शर्यतीच्या आदल्या दिवशी चाके काढून तळ्यात आडवी टाकतात. रात्रभर लाकूड पाणी पिते, फुगते, आणि सकाळी धाव पक्की झालेली असते. हे सगळे हाकणारे करत. हे पोराटोरांनाही ठाऊक होते.

मला त्यात एक गोष्ट दिसली होती, जी दुसऱ्या कोणाला दिसत नव्हती. मी ओली चाके तोलली होती आणि कोरडीही तोलली होती. दोन चाकांनी मिळून तीन शेर पाणी प्यालेले असे. सगळ्या हंगामात आरे तासून, फळी बदलून मी जेवढे वजन उतरवले होते, तेवढे हे लोक एका रात्रीत आपल्या हाताने परत चढवत होते. आणि धावा तर माझ्या मते घट्टच होत्या. बोटांनी ओढून पाहिल्या, हलल्या नाहीत.

जत्रेच्या आदल्या दिवशी दुपारी माझ्या हाकणाऱ्याने चाके तळ्यात टाकली. देवीच्या कामासाठी त्याला गावी जायचे होते. "सकाली मी येयाच्या आदी काढा आनि चढवा," असे सांगून तो गेला. तो वळणापलीकडे गेला असेल नसेल, मी चाके बाहेर काढली. पुसली. पडवीत वाऱ्याला उभी केली. दुसऱ्या दिवशी पहाट उजाडल्यावर शेजाऱ्याला हाताशी घेऊन वंगण लावून चढवलीही. चाके बोटाला खडखडीत लागत होती. मी खूश होतो.

तो आला. बैल जोडले. रीतीप्रमाणे त्याने तळहात चाकावर ठेवला. हात नेहमीपेक्षा किंचित जास्त वेळ तिथे राहिला असे मला वाटले. मग तो कपाळाला गेला, आणि हाकणारा फळीवर बसला. मी त्याच्या मागे. डोंबिवलीपर्यंत एरवी तो बैलांशी, माझ्याशी, दिसेल त्याच्याशी बोलत असे. त्या दिवशी बोलला नाही. आज त्याच्या मनावर शर्यतीचे ओझे आहे, असे मी धरून चाललो.

गावाबाहेर खाडीलगतच्या खाजणाची जमीन उन्हाने कडक झाली होती. तिथे इतर छकडे उभे होते आणि त्यांच्या चाकांखाली पाण्याचे ओघळ होते. एक-दोघे अजूनही घागरीने चाकांवर पाणी ओतत होते. मला त्यांची कीव आली.

शेवटच्या फेरीत चार छकडे होते. आमचा सुटला तो असा सुटला, की माझ्या शेजारचे लोक उठून उभे राहिले. निम्म्यावर येईतो आम्ही दोन गाड्यांच्या अंतराने पुढे होतो. माझा हिशेब बरोबर होता हे मी इथे नोंदवून ठेवतो. मग उजव्या चाकाची धाव एका बाजूने सरकली, निसटली आणि एकटीच घरंगळत पुढे गेली. चाक दोन-तीन फेरे लाकडावर फिरले आणि उकलले. छकडा त्या अंगाला बसला. हाकणाऱ्याने कासरा मनगटाला गुंडाळलेला होता, त्यामुळे त्याला सुटता आले नाही. बैल थांबेपर्यंत त्याचा उजवा हात आसाखाली होता. धाव तोवर शेवटच्या निशाणापाशी जाऊन आडवी पडली होती.

चौघांनी त्याला बाजेवर घातले. गावचा हाडवैद्य तिथेच होता. त्या संध्याकाळी पालखीपुढे दुसऱ्या कोणाचा छकडा चालला. मी तो पाहायला थांबलो नाही.

दोन दिवसांनी सुतार स्वतःहून माझ्याकडे आला. मोडलेल्या चाकाचा एक तुकडा त्याने उचलला, सांध्यात नख घालून पाहिले.

"चाकं पाण्यातनं कधी काढलीत?"

"सकाळी."

तो माझ्याकडे बघत राहिला. "सकाळी," तो म्हणाला आणि तुकडा हळूच खाली ठेवून गेला. पुढे महिनाभर पेठेत एकच बोलणे होते, की म्हाताऱ्याचा हात आता गेला, सांधे सैल राहू लागले. त्याच्याकडे येणारी चाके दुसरीकडे जाऊ लागली. तो एक शब्द बोलला नाही. मी रोज त्याच्या दुकानावरून कचेरीत जाई आणि रोज पलीकडच्या बाजूने चाले. मला लाज वाटत होती. ती सांगण्याइतकी मोठी व्हायला वैशाख उजाडला. मग एक दिवस दुकानात चार माणसे बसलेली पाहून मी मुद्दाम आत गेलो आणि झाले ते सगळ्यांसमोर सांगितले. सुताराने ऐकून घेतले.

"माझं मी बघून घेईन," तो म्हणाला. "त्याला सांगितलंत का?"

सांगितले नव्हते. छकडा तर राहिला नव्हता, म्हणून मी भाड्याचा घेतला आणि दुसऱ्या दिवशी हाकणाऱ्याच्या गावी गेलो. तो अंगणात बसला होता. हात कोपरापासून वाकडा बसला होता आणि बोटे मिटत नव्हती. त्या हाताने कासरा धरणे आता व्हायचे नव्हते. त्याने बैलांची चौकशी केली. तांबड्याची त्या दिवशी सोललेली मान बरी आहे का, असे विचारले. मी उत्तरे दिली आणि मग चाकांचे सांगितले. किती वाजता काढली, कुठे ठेवली, सगळे.

"मना ठावं हाय," तो म्हणाला. "हात लावला तवाच कललं. चाक कोरडा व्हता."

मी विचारले, "अरे, मग बोलला का नाहीस?"

त्याच्या आवाजात राग नव्हता, असता तर मला बरे वाटले असते. "मना वाटला, तुमी तोलूनशी बगितलं आसंल. तुमी सगला तोलता. मी कवा काय तोललंय?"

त्याच्या बायकोने ताक आणून दिले. ते मी प्यालो. बैलांची जोडी त्यालाच देईन असे म्हणालो, तर तो म्हणाला, "एक्या हातानं काय करू त्यांचा?" आणि तो विषय तिथेच राहिला.

निघताना तो मला वाटेपर्यंत पोचवायला आला. भाड्याच्या छकड्यावर मी पाय ठेवणार तोच त्याने थांबवले. वाकला, डावा तळहात चाकाच्या कडेवर ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला.

"वला हाय," तो म्हणाला. "बसा."